पिनकोड बरोबर, साल चुकीचं

नागीण झाली आणि ती मेंदूपर्यंत पोचली, त्या आजारपणातला जो भाग सगळ्यात महत्त्वाचा, नेमका तोच मला आठवत नाही. त्यामुळे पुढे जे लिहिलंय त्यातलं बरंचसं डिस्चार्ज कार्डावरून, मुलाने मोबाइलवर काढून ठेवलेल्या रिपोर्टांवरून आणि बायकोच्या सांगण्यावरून आहे. जिथे या तिघांचा मेळ बसत नाही तिथे मी बायकोचं धरलंय. ती रात्रंदिवस तिथे होती. शिवाय तिच्याशी वाद घालून आजवर काही हाती लागलेलं नाही.

मी सांगलीचा. नोकरी सगळी रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये गेली, आम्ही आरएमएस म्हणतो. सॉर्टर म्हणून लागलो. रात्रीच्या गाडीत टपालाच्या डब्यात उभ्याने पत्रं खणांत टाकायची, पुढचं मोठं स्टेशन यायच्या आत बॅगा बांधून, लाख लावून, सील मारून तयार ठेवायच्या. आता वय ६७. ऱ्हुमॅटॉइड संधिवात जुना आहे. त्यासाठी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि रोज सकाळी प्रेडनिसोलोनची छोटी गोळी. या दोन्ही गोळ्या प्रतिकारशक्तीला जरा दाबून ठेवतात. संधिवातात तेच हवं असतं. पण दाबलेल्या प्रतिकारशक्तीचा फायदा आणखी कुणीतरी घेऊ शकतं, हे तेव्हा डोक्यात आलं नव्हतं.

सुरुवात कपाळापासून झाली. उजव्या भुवईच्या वर, केसांपर्यंत, नुसता हात लागला तरी चटका बसायचा. वरून बघायला काहीच नाही. केस विंचरताना कंगवा उजवीकडे गेला की डोळ्यांत पाणी. बायको म्हणाली पित्त असेल. मला वाटलं नवीन हेल्मेट घासतंय. दोन-तीन दिवसांत पुरळ उठलं. लालसर बुडावर पाण्याने भरलेले बारीक फोड, घोसाघोसाने, आणि सगळे उजव्या अर्ध्या कपाळावर. नाकाच्या सरळ रेषेच्या डावीकडे एकही नाही. फॅमिली डॉक्टरांकडे गेलो तर मी खुर्चीत बसायच्या आधीच ते म्हणाले, "नागीण आहे."

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. शेजारच्या आजी गेरू उगाळून वाटी घेऊन हजर. नागिणीचं तोंड आणि शेपटी एकमेकांना भिडली की माणूस जातो, हे आमच्याकडे सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेलं. कंबरेला झाली तर विळखा निदान कल्पनेत तरी बसतो. कपाळावरची नागीण कुठून निघून कुठे भिडणार, असं मी आजींना विचारलं, तर त्या रागावल्या. "चेष्टा करू नकोस, तिला ऐकू जातं." बायकोने वाटी ठेवून घेतली आणि कपाळाला काही लावलं नाही.

ती भिडत नाही याचं कारण मला नंतर डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. हा विषाणू कांजिण्यांचाच. लहानपणी कांजिण्या येऊन जातात, अंगावरच्या खपल्या पडतात, आपण विसरतो. विषाणू मात्र जात नाही. कण्यालगतच्या आणि कवटीच्या तळाशी असलेल्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये तो पडून राहतो, पन्नास-साठ वर्षंसुद्धा. वय झालं, मधुमेह असला, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असली की एखाद्या गाठीत तो जागा होतो आणि त्या एका मज्जातंतूच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. प्रत्येक मज्जातंतू अंगाच्या एकाच बाजूचा, म्हणून पुरळ मधली रेघ ओलांडत नाही. माझ्या बाबतीत तो चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या वरच्या फांदीतून उतरला होता. ती फांदी कपाळ, वरची पापणी, डोळा आणि नाकाचा शेंडा सांभाळते.

कांजिण्या आणि नागीण यांचं हे नातं कुणा मोठ्या संशोधन संस्थेच्या नव्हे तर एका साध्या जनरल प्रॅक्टिशनरच्या चिकाटीतून स्पष्ट झालं, हे वाचून मला फार बरं वाटलं. एडगर होप-सिम्पसन हे इंग्लंडमधल्या सिरेन्सेस्टर गावचे डॉक्टर. आपल्याकडे येणाऱ्या नागिणीच्या रुग्णांची त्यांनी वर्षानुवर्षं नोंद ठेवली. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांत येल नावाचं बेट आहे, तिथेही जाऊन चौकशी केली. नागीण बाहेरून लागत नाही, आतलाच जुना विषाणू उठतो, ही मांडणी त्यांनी १९६५ साली छापली. नोंदवह्या नीट ठेवणाऱ्या माणसाबद्दल आम्हा टपालवाल्यांना आदर असतोच.

तर फॅमिली डॉक्टरांनी व्हॅलासायक्लोविर लिहून दिलं. एक ग्रॅमची गोळी, दिवसातून तीनदा, सात दिवस. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत हे औषध सुरू झालं तर उत्तम, असं म्हणतात. माझं त्याच्या आतच सुरू झालं. मेथोट्रेक्सेट थांबवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी नाकाच्या शेंड्यावर एक फोड दिसला तेव्हा ते एकदम गंभीर झाले आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. नाकाचा शेंडा आणि डोळ्याचं बुबुळ यांना एकाच बारीक तंतूचा पुरवठा असतो, त्यामुळे शेंड्यावर फोड आला की डोळाही धोक्यात आहे असं धरून चालतात. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळ्यात केशरी रंग सोडला, निळ्या उजेडात पाहिलं, थेंब दिले. म्हणजे जे व्हायला हवं ते सगळं वेळेवर झालं. हे मुद्दाम सांगतोय, कारण नंतर भेटायला येणारा प्रत्येक जण आधी हेच विचारायचा की गोळ्या उशिरा घेतल्या होत्या का. नव्हत्या घेतल्या. तरीही झालं.

फोड सुकले, खपल्या धरल्या, गोळ्यांचा कोर्स संपला. मग बारीक ताप आला आणि डोकं दुखायला लागलं. हे दुखणं कपाळाच्या आगीपेक्षा वेगळं होतं. आतून, मानेपर्यंत जाणारं. उजेड नको वाटायचा. इथपर्यंत माझं मला आठवतं. पुढचं बायकोचं.

ती सांगते, चहात बिस्किट बुडवलंत आणि तसेच धरून बसलात. बिस्किट विरघळून कपात पडलं तरी हात तिथेच. त्याच रात्री दोन-अडीचला उठून मी हॉलमधली रद्दी जमिनीवर मांडली. मराठी वेगळी, इंग्रजी वेगळी, जाहिरातींची पानं वेगळी. "लाख कुठाय?" म्हणून तिला विचारलं. कराड येईल आता, बॅगा बंद झाल्या नाहीत, असं दोन-तीनदा म्हणालो. ती आधी हसली, स्वप्नात चालत आले असतील म्हणून. सकाळी शर्टाची बटणं लावता येईनात तेव्हा तिचं हसणं थांबलं आणि तिने पुण्याला मुलाला फोन लावला.

घराजवळच्या एका छोट्या दवाखान्यात भरती केलं. रक्त तपासलं तर सोडियम १२३. आमच्या वयाच्या माणसांच्या घरांत "सोडियम कमी झालंय" हे वाक्य एकदा तरी ऐकू येतंच. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, कारण सापडलं म्हणून. सलाइन सुरू झालं. सोडियम हळूहळूच वर आणावं लागतं, भरभर चढवलं तर मेंदूला इजा होते, त्यामुळे वाट पाहणं आलं. १३२ पर्यंत चढलं. मी मात्र अजून कराडच्या गाडीतच. मुलाने विचारलं, "सोडियम सुधारलं तर बाबा अजून असे का?" उत्तर मिळालं, "वय झालंय, थोडा वेळ लागतो. अशक्तपणा आहे."

मला या वाक्याचा राग येतो. डॉक्टरांचा नाही, वाक्याचा. पन्नाशी-साठीच्या पुढच्या माणसाच्या कशालाही हे वाक्य चिकटवता येतं आणि चिकटवलं की पुढची चौकशी बंद होते. नागीण होऊन गेलेला माणूस काही दिवसांत तापाने फणफणला, डोकं धरून बसला आणि बरळायला लागला, तर ते वय नव्हे. कुणाला पुरळ उठतच नाही आणि थेट मेंदूवर परिणाम दिसतो, असंही होतं. ओळखायला आणखी कठीण. माझ्या कपाळावर निदान खपल्या होत्या.

त्या खपल्यांकडे शेवटी लक्ष दिलं ते दुसऱ्या एका तरुण डॉक्टरांनी. ते तिथे रात्री राउंडला यायचे. त्यांनी बायकोला विचारलं की फोड कधी उठले, गोळ्या कधी संपल्या, ताप कधीपासून. मग माझ्या डोक्याखाली हात घालून हनुवटी छातीला लावायचा प्रयत्न केला. मान वळेना, मी ओरडलो. ते बाहेर येऊन मुलाला म्हणाले, "सोडियम कमी झालं म्हणून मेंदू गोंधळला, असं आपण धरून चाललोय. कदाचित उलट असेल. मेंदूला काही झालंय म्हणून सोडियम घसरलं असेल. इथे ठेवू नका, मिरजेला न्या."

आमच्याकडे मोठं आजारपण म्हणजे मिरज. सतार करणाऱ्यांचं गाव आणि दवाखान्यांचं गाव. कर्नाटकातून गाड्या भरभरून पेशंट येतात. सांगलीहून रुग्णवाहिकेला अर्धा तासही लागत नाही. तिथल्या कॅज्युअल्टीत एका तरुण डॉक्टर मुलीने माझी परीक्षा घेतली, ती बायकोला शब्दशः पाठ आहे.

"काका, साल कुठलं चालू आहे?"

"चौऱ्याण्णव."

"महिना?"

"उशीर झालाय."

"आत्ता कुठे आहात?"

"चारशे सोळा चारशे दहा."

तिने कागदावर काहीतरी लिहिलं. मुलगा म्हणाला, "मॅडम, तो मिरजेचा पिनकोड आहे." तिने मोबाइलवर बघितलं आणि जागेच्या प्रश्नापुढे बरोबरची खूण केली. माझ्या अख्ख्या केसपेपरवर त्या दिवसातलं एवढंच बरोबर उत्तर आहे. पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली, आणि ती बसवली श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या मराठी माणसाने. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पुढचे आकडे विभाग, जिल्हा, ऑफिस. तीस-पस्तीस वर्षं हात त्या आकड्यांवरच चालले. चालू साल गेलं, बायकोचं नाव अधूनमधून जात होतं, पण हे गेलं नाही. का, ते मेंदूचे डॉक्टरही एका वाक्यात सांगू शकले नाहीत. जुनं, हाताला लागलेलं सहसा शेवटी जातं, एवढंच म्हणाले.

आधी एमआरआय झाला. डोक्यात सूज किंवा गाठ असेल तर पाठीतून पाणी काढणं धोक्याचं असतं, म्हणून ते आधी बघतात. शिवाय हा विषाणू मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींनाही धरतो, त्यामुळे वाहिन्यांचीही चित्रं काढली. फारसं काही दिसलं नाही. घरचे पुन्हा सुटकेचा श्वास टाकणार, तेवढ्यात न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले की या आजारात एमआरआय अगदी नॉर्मल येऊ शकतो, पाणी तपासल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

इथे माझा मेव्हणा उभा राहिला. तो तासगावहून आला होता. "अक्का, काहीही कर, पाठीतलं पाणी काढू देऊ नको. दाजींचे पाय जातील. आमच्या गावात एकाचे गेलेत." सहीचा कागद टेबलावर, बायकोच्या हातात पेन, आणि हा अडून बसलेला. न्यूरॉलॉजिस्ट चिडले नाहीत. त्यांनी औषधाच्या चिठ्ठीच्या मागे कणा काढला. मज्जारज्जू कंबरेच्या वरच, पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्याही खाली, तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या फटीत जाते. तिथे नुसत्या मज्जातंतूंच्या मोकळ्या जुड्या पाण्यात तरंगत असतात. मेंदू-कण्याभोवती हे पाणी साधारण १५० मिली असतं आणि शरीर दिवसाला जवळपास ५०० मिली नवीन बनवतं. आम्ही काढणार थोडंसं, ते काही तासांत भरून येईल. "तुमच्या गावातल्या माणसाचे पाय गेले असतील, तर ते ज्या आजारासाठी पाणी काढलं त्या आजाराने गेले असतील." मेव्हण्याने चिठ्ठी हातात घेतली, उलटसुलट पाहिली, आणि म्हणाला, "कर सही."

हा प्रसंग मला तुटक आठवतो. डाव्या कुशीवर वळवलं होतं, गुडघे पोटाशी, हनुवटी खाली. पाठीवर गार स्पिरिट. वॉर्डातल्या मामा लोकांपैकी, म्हणजे वॉर्डबॉयपैकी एकाने मला घट्ट धरलेलं, आणि मागून आवाज, "काका, पाठ मांजरासारखी बाहेर काढा, हलू नका." भुलीचं इंजेक्शन चावलं. नंतर दुखण्यापेक्षा आत काहीतरी दाबल्यासारखं वाटलं. ते पाणी मुलाने पाहिलं, तीन बारीक नळ्यांत थेंब थेंब पडताना. तो म्हणतो, अगदी स्वच्छ होतं, याच्यात आजार कुठे असेल असं वाटलं.

रिपोर्टमध्ये पेशी वाढलेल्या, १८०, आणि त्यातल्या बहुतेक लिम्फोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, प्रोटीन वाढलेलं, साखर जवळजवळ ठीक. आता आपल्या देशात असा रिपोर्ट आला की डॉक्टरांच्या मनात पहिलं नाव येतं ते टीबीचं. टीबीचा मेंदूज्वरही असाच दिसतो, आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला तो होऊ शकतो. म्हणून त्याच पाण्यावर टीबीची सीबीनॅट तपासणीही लावली आणि विषाणूंच्या पीसीआरसाठी, म्हणजे विषाणूचा अंश शोधणाऱ्या तपासणीसाठी, नमुना पुण्याला पाठवला. ते दिवस घरच्यांना फार जड गेले. टीबी निघाला तर वर्षभराची औषधं, विषाणू निघाला तर दोन-तीन आठवड्यांची, आणि दोन्हीत उशीर परवडत नाही. डॉक्टरांनी रिपोर्टची वाट न पाहता असायक्लोविर शिरेतून सुरू केलं, बॅक्टेरियासाठी एक अँटिबायोटिकही जोडीला. "रिपोर्ट आला की जे नको ते बंद करू. नंतर सुरू करण्यापेक्षा नंतर बंद केलेलं बरं."

असायक्लोविरबद्दल मी नंतर वाचलं ते इथेच सांगून टाकतो. हे औषध तसं निपचित असतं. विषाणूने धरलेल्या पेशीत गेलं की विषाणूचाच एक एन्झाइम त्याला जागं करतो, आणि जागं झालं की ते विषाणूची नवीन प्रत बनवणंच अडवतं. निरोगी पेशीत तो एन्झाइम नाही, त्यामुळे तिथे ते बहुतांशी गप्प राहतं. हे ज्या प्रयोगशाळेतून आलं तिथे गर्ट्रूड एलिअन नावाच्या बाई होत्या. पीएच.डी. कधीच पूर्ण करता आली नाही, १९८८ साली वैद्यकाचं नोबेल मिळालं.

गोळीतून दिलेलं औषध मेंदूपर्यंत पुरेसं पोचत नाही, म्हणून शिरेतून. किलोला १० मिलिग्रॅम, दर आठ तासांनी. माझं वजन ६०, म्हणजे एका वेळी ६०० मिलिग्रॅम, आणि प्रत्येक वेळी सलाइनमधून तासभर सावकाश. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. हे औषध शिरांना मानवत नाही. दोन-तीन दिवसांत जागा लाल व्हायची, सुजायची, सिस्टर नवीन शीर शोधायच्या. डावा हात, उजवा हात, मनगट, पुन्हा डावा. दुसरं संकट मूत्रपिंडाचं. शरीरात पाणी कमी पडलं तर या औषधाचे बारीक स्फटिक मूत्रपिंडात अडकतात. म्हणून सलाइन भरपूर, लघवी मापून लिहायची, आणि क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड कसं चालतंय ते सांगणारी रक्ततपासणी, एक दिवसाआड. लघवीच्या मापाचा कागद बायकोने इतका काटेकोर ठेवला की सिस्टर दुसऱ्या पेशंटच्या नातेवाइकांना तो दाखवायला न्यायच्या.

तरीही क्रिएटिनिन वाढलं. त्याच सुमारास, म्हणजे ताप उतरून मी जरा ताळ्यावर येतोय असं वाटत असताना, मला चादरीवर मुंग्या दिसायला लागल्या. तांबड्या, ओळीने. हे मला स्पष्ट आठवतं, कारण मला त्या खऱ्याच दिसत होत्या आणि बाकीच्यांना कशा दिसत नाहीत याचं नवल वाटत होतं. मी उशीवरून त्या झटकत बसायचो. घरच्यांना वाटलं आजार उलटला. डॉक्टरांचं गणित वेगळं होतं. मूत्रपिंड मंदावलं की असायक्लोविर अंगात साचतं, आणि साचलेलं औषधसुद्धा असे भास घडवतं. मेंदूचा आजार आणि त्याचं औषध, दोन्ही सारखीच लक्षणं देणार! त्यांनी डोस पूर्ण बंद केला नाही. आठाऐवजी बारा तासांवर नेला आणि पाणी वाढवलं. दोन दिवसांत मुंग्या गेल्या. त्यांनी धाडस करून औषध चालू ठेवलं, याचं मला आजही कौतुक वाटतं.

पुण्याहून रिपोर्ट आला: व्हेरिसेला झोस्टर विषाणू, म्हणजे तोच कांजिण्या-नागिणीचा, पॉझिटिव्ह. टीबीच्या तपासण्या निगेटिव्ह. अँटिबायोटिक बंद झालं. मुलाने रिपोर्ट वाचून दाखवला तेव्हा मी म्हणे विचारलं, "कुठल्या बॅगेत आला?" ताळ्यावर येणं हे असं एकदम नसतं.

याच काळात आणखी एक काळजी होती. सून गरोदर, पाचवा महिना. नागिणीच्या फोडांतल्या पाण्यातून समोरच्याला नागीण होत नाही, पण ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत किंवा लस घेतलेली नाही त्याला कांजिण्या होऊ शकतात, आणि गरोदरपणात ते चांगलं नव्हे. माझे फोड ओले असताना ती घरी येऊन गेली होती. तिच्या आईला आठवेना, हिला लहानपणी झाल्या होत्या की नाही. शेवटी पुण्यात रक्तातल्या अँटिबॉडी तपासल्या, त्या निघाल्या. म्हणजे कधीतरी होऊन गेलेल्या. तोपर्यंत मुलगा दोन्हीकडे फोन करून करून वाळून गेला होता.

औषधाचा कोर्स पुरा करून घरी आलो. लोकांना वाटलं संपलं. मलाही. घरी आल्यावर कळलं की माझा वेग गेलाय. बोलता येतं, चालता येतं, माणसं ओळखू येतात, पण समोरच्याने दोन वाक्यं सलग बोलली की पहिलं निसटतं. बँकेत पैसे काढायची स्लिप भरताना तारखेच्या रकान्यापाशीच अडकलो. मागच्या मुलाने "काका, मी भरून देऊ का" विचारलं, तर त्याच्यावर खेकसलो. चिडचिड हा या आजाराचा भाग आहे असं डॉक्टर म्हणतात. बायकोचं मत, ती आधीपासूनच होती.

आणि कपाळ. खपल्या पडल्या, डाग उरले, आग गेली नाही. पंख्याचा वारा लागला की सुया. टोपी नको, उशीची उजवी बाजू नको. तीन महिन्यांच्या पुढे हे दुखणं टिकलं की त्याला वेगळं नाव देतात, पोस्ट-हर्पेटिक न्यूराल्जिया, आणि जितकं वय जास्त तितकी त्याची शक्यता जास्त. क्रोसीन-बिसीन त्याला दाद देत नाही. मज्जातंतूंना शांत करणाऱ्या गोळ्या लागतात. रात्री प्रीगॅबॅलिन सुरू झालं. त्याने आग कमी झाली, पण सकाळी दहापर्यंत डोळे उघडेनात, बाथरूमला जाताना तोल जायचा. आधीच डोकं मंद, त्यात ही गुंगी. डोस कमी, मग थोडा जास्त, मग दुसरी गोळी जोडीला, असं करत कुठेतरी जमलं. अगदी जमलं असं नाही. पंखा अजून एकवरच असतो.

बुद्धीच्या व्यायामासाठी एका समुपदेशक बाईंकडे जायला सांगितलं होतं. त्यांनी घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावलं, पाच शब्द सांगून दहा मिनिटांनी विचारले. मी त्र्याण्णवला पोचायचो, मग शहाऐंशी, आणि तिथेच अडकायचो. बायकोला हे बघवेना. तिने घरी आपला मार्ग काढला. जुन्या लग्नपत्रिका, दिवाळीची शुभेच्छापत्रं, एलआयसीची पाकिटं, सगळी एका पिशवीत भरून आणली आणि टेबलावर ओतली. "लावा बघू." मी पिनकोडप्रमाणे लावायला बसलो. ४१५ एका बाजूला, ४१६ दुसऱ्या, ४११ तिसऱ्या. तासगाव ४१६३१२, विटा ४१५३११, रत्नागिरी ४१५६१२. पहिल्या वेळी मध्येच दमून आडवा झालो. ज्या कामात एके काळी हात आपोआप चालायचा त्यात प्रत्येक पाकिटाला थांबून बघावं लागत होतं. पण हळूहळू थांबणं कमी झालं. समुपदेशक बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, चालू ठेवा, फक्त अधूनमधून नियम बदला. एकदा पिनकोडने, एकदा आडनावाने. आडनावाने लावायला मला आजही जास्त वेळ लागतो.

न्यूरॉलॉजिस्टनी एक गोष्ट बायकोला बजावून ठेवली आहे. कपाळ-डोळ्याच्या नागिणीनंतर पुढचे काही महिने पक्षाघाताचा धोका नेहमीपेक्षा जास्त असतो, कारण तोच विषाणू चेहऱ्याच्या मज्जातंतूवरून मेंदूच्या धमन्यांपर्यंत जाऊ शकतो. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं जड झालं, तर घरात सरबत-बिरबत करत बसायचं नाही, थेट मिरज. ब्लडप्रेशरची वही भिंतीला टांगली आहे. डोळ्यांची तपासणीही चालू आहे, कारण बुबुळाची सूज उशिरा डोकं वर काढू शकते. स्कूटर बंद. मेथोट्रेक्सेट पुन्हा कधी, कसं, यावर संधिवाताचे डॉक्टर आणि हे डॉक्टर एकमेकांशी फोनवर बोलले. मधल्या काळात बोटं सुजली ती सुजलीच. प्रेडनिसोलोन मात्र एक दिवसही बंद केली नाही, ती अचानक थांबवायची नसते.

लसीबद्दल येणाऱ्या-जाणाऱ्यांना मीच सांगतो. शिंग्रिक्स नावाची लस भारतात २०२३ पासून मिळते. पन्नाशीच्या पुढच्यांसाठी. दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. तिच्यात जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे माझ्यासारख्या गोळ्या घेणाऱ्यांनाही ती चालते. चाचण्यांमध्ये पन्नाशीच्या पुढच्यांना तिने नव्वद टक्क्यांहून जास्त संरक्षण दिलं. अडचण एकच, एका डोसला दहा हजारांच्या आसपास लागतात, आणि पेन्शनीत ते जाणवतं. मेव्हण्याने आकडा ऐकून गेरूची आठवण काढली.

मला लस कधी द्यायची ते डॉक्टर पुढच्या भेटीत ठरवणार आहेत. बायकोने मात्र पहिला डोस घेतला. त्या रात्री तिला ताप आला, दंड दोन दिवस वर होईना. अंग ठणकत असताना तिने मला हाक मारली, "अहो, साल कुठलं चालू आहे सांगा बघू." मी सांगितलं. "आणि दुसऱ्या डोसची तारीख?" ती मला आठवत नव्हती. ती म्हणाली, कालनिर्णयवर लिहिली आहे, आणि पैसे आत्ताच बाजूला काढून ठेवा.